गव्हात रुतलेली कचेरी

पर्डी आला तेव्हा मी आतडी धूत होते.

डुक्कर मारायच्या दिवशी आमच्याकडे कुणाला मान वर करायलाही फुरसत नसते. माझा नवरा ब्लाझेय कोपरापर्यंत हात घालून डुकराचं पोट मोकळं करत होता. सासू बादलीतलं रक्त ढवळत होती, कारण हात थांबला की रक्त गोठतं आणि मग त्याचं सॉसेज होत नाही. अंगणात बर्फ, आणि त्यात कापलेल्या डुकराची वाफ. मेहनतीचं काम आहे पण घाण नाही. आतडी दहा पाण्यानं धुतली की रेशमासारखी होतात. त्या जनावराचा केससुद्धा आम्ही वाया जाऊ देत नाही.

आणि त्यात हा पर्डी. लायल गावात जमिनीची दलाली करायचा. घोडागाडीतून उतरला तो पाऊल कुठं ठेवू, कुठं नको असं करत. बूट असे चकाचक, की त्यांत माझं लाल नाक मला दिसलं.

"काय ब्लेझ, काम जोरात!"

ब्लेझ! पाच वर्षं झाली आम्हाला नेब्रास्काच्या या माळावर येऊन, पण माझ्या नवऱ्याचं नाव सरळ घ्यायला या माणसाची जीभ कधी वळली नाही. आणि आमचे साहेब हसले. रक्तानं भरलेले हात मागं घेऊन, शाळेतल्या पोरासारखे.

"तालुक्याच्या कामाला तुला मर्सरला जावं लागतं," पर्डी म्हणाला. "मध्ये नदी. जायचा दिवस वेगळा, यायचा वेगळा. तालुक्याचं ठाणं आमच्या लायलला आलं, तर सकाळी जाशील आणि दुपारी घरी जेवशील. काय चुकीचं बोलतोय?"

"नाही, बरोबर आहे," ब्लाझेय म्हणाला.

"मग या अर्जावर सही कर. पुरेशा सह्या पडल्या की मतदान. लोक म्हणतील तिथं ठाणं. इथं राजा नाही, ब्लेझ. इथं तुला विचारतात."

तिथंच माझा नवरा पाघळला. तिकडं मायदेशी, बोहेमियात, त्याच्या बापानं जन्मभर जमीनदाराच्या कारभाऱ्यापुढं टोपी काढली. कारभारी नसला तर त्याच्या कुत्र्यापुढंही काढायचा, असं सासूच सांगते. त्या बापाच्या पोराला कुणी विचारतंय म्हटल्यावर तो काय नाही म्हणणार! त्यानं विजारीला हात पुसले, जीभ दातांत धरली आणि सही केली. कागदावर अंगठ्याचा लाल डाग पडला.

सासूनं ढवळता ढवळता मला आमच्या भाषेत विचारलं, "आपण नाही करायची का गं सही?"

मी पर्डीला तसं सांगितलं. तो खो खो हसला. "आजीबाई, बायकांचं मत चुलीपुढं!" असं म्हणून तंबाखूची पिंक टाकली, ती बरोबर रक्ताच्या बादलीशेजारी. मग त्यानं माझ्या हातचं गरम कलेजीचं सॉसेज उभ्या उभ्या खाल्लं, तेलकट बोटं माझ्याच ॲप्रनला पुसली आणि विहिरीचं पाणी मागितलं. पाणी प्याला आणि म्हणाला, "अख्ख्या माळावर असं पाणी नाही."

नव्हतंच. ते पाणी आम्हाला कसं मिळालं ते त्याला ठाऊक नव्हतं.

आम्ही आलो तेव्हा ओढ्यावरून कावडीनं पाणी आणायचो. ओढा लांब. खांदे सोलून निघायचे. भांडी घासलेलं पाणी बदकांना, बदकांनी घाण केलेलं झाडाच्या मुळाशी. मग ब्लाझेय आणि त्याचा धाकटा भाऊ हावेल यांनी विहीर खणायला घेतली. एका हिवाळ्यात लागलं नाही म्हणून दुसऱ्या हिवाळ्यात. हावेल खाली, ब्लाझेय रहाटावर. ज्या दिवशी खालून चिखल वर आला त्या दिवशी हावेल ओरडला, "लागलं!" आणि पुढं काही बोललाच नाही. तळाशी विषारी हवा होती. वर काढला तेव्हा ओठ निळे झाले होते आणि मुठीत ओली माती होती.

तेव्हापासून रोज सकाळचा पहिला पोहरा सासू काढते. छातीवर क्रूस करते, एक घोट पिते आणि मग आम्ही घेतो. खणून काढलेल्या पिवळ्या मातीचा ढीग विहिरीशेजारी तसाच आहे. तिनं तो कुणाला हलवू दिला नाही.

मतदान फेब्रुवारीत झालं. त्या दिवसाबद्दल जास्त बोलत नाही. लायलवाल्यांनी बिअरची पिंपं फोडली, मर्सरवाल्यांनी व्हिस्कीची. शहाण्यांनी दोन्हीकडची ढोसली. रेल्वेचा भराव टाकणारे परके मजूर गाड्या भरून आणले आणि ते इथलेच म्हणून मत देऊन गेले. ब्लाझेय संध्याकाळी आला तो बदकांच्या खुराड्याला धरून ओकला. मग एक रिकामं पिंप गाडीतून उतरवून म्हणाला, "हे आपल्याला दिलं. आपण जिंकलो, योहाना!"

"काय जिंकलास?"

"लायल जिंकलं."

"अंगावरचे कपडे काढ आणि बाहेरच ठेव," मी म्हटलं.

मार्चमध्ये लायलची माणसं कचेरी न्यायला मर्सरला गेली. नवी कशाला बांधायची, आहे तीच उचलायची! दोन खोल्यांची लाकडी इमारत. खाली तुळया सारल्या, चाकं लावली, पुढं बैलांच्या आणि घोड्यांच्या जोड्या जुंपल्या आणि कपाटं-टेबलांसकट निघाले. कारकुनांनाही खाली उतरायचा कंटाळा. खिडकीत बसून पाइप ओढत होते.

नेमका बर्फ वितळायला लागला होता. आमच्या शिवेजवळचा रस्ता दलदलीत गेला. पर्डी घोडा दामटत पुढं आला. "ब्लेझ, तुझ्या शेतातून जाऊ दे. तासाभराचं काम."

शेतात हिवाळी गहू होता. बर्फाखालून नुकता हिरवा डोकावत होता.

"अजिबात नाही," मी म्हटलं.

"तालुक्याचं काम आहे, योहाना," ब्लाझेय म्हणाला आणि स्वतःच्या हातानं कुंपण काढलं. एवढं करून थांबला असता तरी चाललं असतं. पण आमच्याकडची रीत! नवा माणूस घरात राहायला आला की ब्रेड आणि मीठ घेऊन सामोरं जायचं. या शहाण्यानं माझा सकाळचा ताजा ब्रेड उचलला, त्यावर मिठाची वाटी ठेवली, टोपी काढली आणि चालत्या कचेरीपुढं जाऊन उभा राहिला. शे-दीडशे माणसांसमोर म्हणाला, "या. आमचं ते तुमचं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका कारकुनानं खिडकीतून हात बाहेर काढून ब्रेडचा लचका तोडला. ब्लाझेयच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला त्याची कीव पण आली आणि रागही आला.

पन्नास पावलं पुढं जाऊन कचेरी रुतली. आधी मागची चाकं, मग पुढची. बैलांच्या तोंडाला फेस आला, चाबूक तुटले, शिव्यांनी आभाळ फाटलं, पण ती हलायला तयार नाही. माझ्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर, गव्हाच्या मधोमध, एका अंगावर कलून बसली. आणि ती उकरायच्या आधीच मर्सरचा वकील टिबेट्स कोर्टाचा हुकूम घेऊन दौडत आला. अर्जावरच्या सह्या तपासायच्या आहेत, मतं पुन्हा मोजायची आहेत, तोवर कचेरी आहे तिथून तसूभरही हलवायची नाही. पुढंही नाही, मागंही नाही. आणि तालुक्याचं काम मात्र थांबायचं नाही.

म्हणजे तालुक्याचं ठाणं झालं आमचं शेत!

दुसऱ्या दिवसापासून जो तो येऊ लागला. जमिनीची नोंद करायला, लग्नाचा परवाना काढायला, शेजाऱ्यावर फिर्याद लावायला. दोन्ही गावांच्या टोळ्या तर तंबू ठोकून बसल्या, कचेरी कुणी पळवू नये म्हणून. घोडे गव्हात. माणसं विहिरीवर. आणि पोट मोकळं करायला कुठं? तर माझ्या खुराड्यामागं! शी! सकाळी बदकं सोडायला जावं तर ओळीनं बसलेले. मला बघून टोपीला हात लावायचे, बसल्या बसल्या, "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणून.

कचेरीतल्या थुंकदाण्या माझ्या पोहऱ्यात विसळायचे. मी एकाचं मनगट धरलं. तर म्हणे, "बाई, ही आता तालुक्याची विहीर आहे."

मी ब्लाझेयला टिबेट्सकडं पाठवलं. तो गेला, टोपी हातात घेऊन. मीही मागोमाग दारापर्यंत गेले.

"साहेब, माझा गहू गेला. विहिरीचा तरी काही बंदोबस्त करा."

टिबेट्स सफरचंद सोलत होता. मान वर न करता म्हणाला, "ब्रेड-मीठ घेऊन बोलावलं कुणी? आमचं ते तुमचं, हे कुणाचे शब्द? शंभर साक्षीदार आहेत."

"ते स्वागत होतं, साहेब. आमची रीत आहे."

"आणि ही कायद्याची रीत आहे."

पर्डी शेजारच्या टेबलावर बसला होता. इतर वेळी टिबेट्सनं दिवस म्हटला की हा रात्र म्हणायचा. आज मात्र दोघं एकत्र हसले. ब्लाझेय टोपी डोक्यावर घालायला विसरला आणि तशीच हातात धरून घरी आला.

एप्रिलच्या सुरुवातीला सासूनं सकाळचा पहिला पोहरा काढला, घोट घेतला आणि तिथंच थुंकला. मला हाक मारली. मी वास घेतला आणि पोहरा तिथंच ओतून दिला.

ब्लाझेयनं आरशानं ऊन आत टाकलं. खाली पाण्यावर काहीतरी पांढरट, फुगलेलं तरंगत होतं. डुकरीण होती. मेलेली, किती दिवसांची कोण जाणे. कुणी टाकली? मर्सरवाले म्हणाले, लायलवाल्यांनी, आम्हाला पाण्यावाचून हुसकायला. लायलवाले म्हणाले, मर्सरवाल्यांनी. मला विचाराल तर दोघांचेही हात त्याच मापाचे होते.

"मी उतरतो," ब्लाझेय म्हणाला.

सासू घरात गेली आणि मेणबत्ती घेऊन आली. मेणबत्ती डब्यात ठेवून खाली सोडली. अर्ध्या वाटेत विझली.

मग आम्ही ओल्या झुडपाचा भारा दोराला बांधून सारखा वर-खाली केला, खालची हवा ढवळून निघावी म्हणून. पुन्हा मेणबत्ती, पुन्हा भारा. दुपारी ती तळाशी जाऊनही मिणमिणत राहिली. ब्लाझेयनं नाकाला फडकं बांधलं, कमरेला दोर बांधला. पण रहाटावर आम्ही दोघी. एक म्हातारी, आणि एक मी. तो, आणि वर ते ओझं, आम्हाला कसं झेपायचं?

मी कचेरीत धावत गेले. खोली माणसांनी खच्चून भरली होती, सह्या तपासणं चाललं होतं.

"चार माणसं द्या. माझा नवरा विहिरीत उतरतोय. दोर ओढायला हवाय."

पाच-सहा जण उठलेही. खोटं कशाला बोलू, उठले. पण टिबेट्सनं हात वर केला. "मर्सरच्या एकानंही दोराला हात लावायचा नाही. उद्या म्हणतील, तुम्ही टाकली म्हणून तुम्ही काढली."

"आमच्याही नाही," पर्डी म्हणाला. "हात लावला म्हणजे कबुली दिल्यासारखं होईल."

उठलेले खाली बसले. एकेक करून. एकानं खिडकीबाहेर बघितलं, एकानं नाक शिंकरलं.

"त्याचा भाऊ तिथंच मेला," मी म्हटलं.

"वाईट झालं," पर्डी म्हणाला. "मोजणी झाली की बघू."

मी परत आले. ब्लाझेय उतरला. सासू रहाटाला अशी चिकटली की तिची टाच जमिनीत रुतली. खालून तो दर थोड्या वेळानं हाक द्यायचा आणि ती वरून विचारायची, "आहेस का रे?" "आहे, आई." "आहेस का रे?" एकदा उत्तर यायला उशीर झाला. तिनं दोर सोडला नाही, पण तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी जन्मात विसरणार नाही. मग खालून खोकला ऐकू आला.

डुकरीण तुकड्या-तुकड्यांनी वर आली. दर पोहऱ्याला मी तोंड फिरवून ओकत होते आणि परत दांडा धरत होते. शेवटी तो वर आला. कठड्यावर पडला. आम्हाला धाप लागली होती, पण त्याचा श्वास चालू होता, एवढंच आम्हाला हवं होतं. कचेरीच्या खिडकीतून टाळ्या वाजल्या. हो, टाळ्या.

मग आम्ही पाणी उपसलं. चुना टाकला, पुन्हा उपसलं. पाणी भरलं की उपसायचं. माझ्या तळहातांची साल निघाली. एके सकाळी सासूनं पोहरा काढला, वास घेतला, क्रूस केला आणि घोट घेतला. थुंकला नाही. "आलं," एवढंच म्हणाली. मी अंगणातच बसून रडले.

त्याच दिवशी जेवणाच्या वेळेला पर्डी आणि टिबेट्स दोघं मिळून आले. गळ्यात गळे घालायचेच काय ते बाकी होते. पर्डीच्या हातात कोरा करकरीत अर्ज.

"ब्लेझ, तोडगा निघाला. मर्सर नको, लायल नको. ठाणं इथंच! मधोमध आहे, पाणी आहे. नवा अर्ज, नवं मतदान. गावाचं नावसुद्धा ठरलंय. ब्लेझ सिटी!"

"पहिली सही तुझी," टिबेट्स म्हणाला. "मान तुझा."

मला हसू आलं. त्याचं नावही नव्हतं ते. मी ब्लाझेयकडं बघितलं. म्हटलं, आता हा उठेल आणि दोघांना धक्के मारून बाहेर काढील. त्याच्या नखांत अजून त्या डुकरिणीचा वास होता. किती साबण लावला तरी जात नव्हता.

त्यानं विजारीला हात पुसले आणि लेखणी घेतली.

"ब्लाझेय!"

"लोक मला विचारतायत, योहाना," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक. "मी नाही म्हटलं तरी ते करतीलच. मग निदान विचारलं तरी असं..."

"दोराला हात लावा म्हणून मी विचारलं होतं. त्याचं काय झालं?"

तो माझ्याकडं बघेना. जीभ दातांत धरली आणि सही केली.

मला किळस आली. त्या दोघांची तर होतीच, ती आता जुनी झाली होती. ही नवी होती, आणि माझ्या ताटाशेजारी बसलेली होती.

मी उठले. गोठ्यातून फावडं घेतलं, एक टोपली घेतली आणि खुराड्यामागची सगळी घाण उचलून भरली. तालुक्याची घाण. म्हटलं, तुमची तुम्हालाच पाजते. कठड्याशी आले तर सासू तिथं उभी. तिनं टोपली धरली.

"घाण नाही," ती म्हणाली. "हावेल आहे तिथं. माती टाक."

मी तिच्याकडं बघतच राहिले. पोरगा गेला तेव्हापासून तिनं त्या ढिगाला कुणाला बोट लावू दिलं नव्हतं. आता ती वाकली, दोन्ही हातांची ओंजळ भरली आणि विहिरीत सोडली. मग मी फावडं घातलं. पिवळी माती मऊ होती, भराभर येत होती. खाली पाण्याचा आवाज व्हायचा. आधी मोठा, मग दबका.

पर्डी धावत आला. "अगं बाई, काय करतेस? वेड लागलं का? पाण्यावाचून गाव कसं वसणार? कोण मत देईल?"

"बाजूला व्हा," मी म्हटलं. "बूट खराब होतील."

त्यानं माझा हात धरायला हात पुढं केला. सासूनं रहाटाचा दांडा काढून हातात घेतला होता. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण तिचं म्हणणं त्याला नीट कळलं. टिबेट्स कायद्याचं पुस्तक आणायला कचेरीत पळाला. त्यात सासवा-सुनांनी स्वतःची विहीर बुजवण्याबद्दल काही नव्हतं, बहुतेक, कारण तो परत आला नाही. ब्लाझेय दारात उभा होता. आम्हाला अडवायला आला नाही आणि मदतीलाही आला नाही.

अंधार पडायच्या आत पाण्याचा आवाज थांबला. बाकीचा ढीग आम्ही दुसऱ्या दिवशी ढकलला.

तहानलेले घोडे दोन दिवसांत उधळायला लागले. माणसं त्यांच्याही आधी. हुकूम काय आला, कुणी आणला, मला ठाऊक नाही, पण आठवड्याच्या आत कचेरी उकरून, ओढून लायलला नेली. पुढं मर्सरवाल्यांनी पुन्हा अर्ज केला म्हणे. करोत बापडे. आमच्या गव्हात चाकांचे दोन चर राहिले आणि खुराड्यामागं जे राहिलं त्यावर त्या वर्षी भोपळे दणकून आले. मी एकही खाल्ला नाही.

कचेरी गेली त्या सकाळी मी माळ्यावरून जुनी कावड काढली. सासूनं दोन बादल्या घेतल्या. आम्ही ओढ्याची वाट धरली. खांद्याला जुन्या जागी कावड टेकली आणि जुनं दुखणं लगेच ओळखीचं झालं. बरंच पुढं गेल्यावर मागं गाडीचा खडखडाट ऐकू आला. ब्लाझेय. घोडा हातानं धरून चालत येत होता, गाडीवर मतदानाच्या दिवशी मिळालेलं बिअरचं पिंप. आमच्या मागं मागं येत राहिला.

सासूनं वळून बघितलं नाही. बादल्या या हातातून त्या हातात घेतल्या आणि म्हणाली,

"पिंप धुऊन आणलंस का रे?"

त्यानं मान वळवून पिंपाकडं बघितलं.

"नाही, आई."

"मग आधी ते धू," ती म्हणाली. "आणि ओढ्यात आमच्या खालच्या बाजूला धू. वरचं पाणी आम्हाला प्यायचंय."